आधी गाडी, मग घर

माझ्या वडिलांनी १९८६ साली घेतलेली बंद बॉडीची मॅटॅडोर आजही आमच्या अंगणातील कडुनिंबाखाली उभी असते आणि महिन्यातून किमान दोनदा सोलापूरच्या बाहेर जाऊन येते. पहिली बारा वर्षे तिने आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत चादरींचे गठ्ठे वाहिले. १९९८ मध्ये कारखाना बंद झाला आणि त्यानंतरची सहा वर्षे ती पत्र्याच्या शेडमध्ये जागची हलली नाही. २००४ च्या दिवाळीनंतर मी तिला बाहेर काढले. पुढची अडीच वर्षे तिच्या दुरुस्तीत गेली, आणि तेव्हापासून झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेले आमचे फिरते घर म्हणून मी ती सांभाळते आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असे. गाडीचे काम मला शिकवले ते अक्कलकोट रस्त्यावरच्या एका वयोवृद्ध मेस्त्रींनी, ज्यांना मी पहिल्या दिवसापासून चाचा म्हणत आले.

या गाडीचा वंश सांगितल्याशिवाय पुढच्या अडचणी कळणार नाहीत. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने सुरू झाली, आणि पुढे मॅटॅडोर तिच्या आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण महाराष्ट्रात अजूनही कोणत्याही लहान मालगाडीला लोक सहज मॅटॅडोर म्हणून जातात. मूळ जर्मन आराखड्यातून आलेली तिची महत्त्वाची खूण म्हणजे तिचे इंजिन पुढची चाके फिरवते. मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट (दांडा) नसल्यामुळे मालाचा तळ जमिनीपासून फार उंच ठेवावा लागत नाही. हमालाला गठ्ठा चढवायला ती सोपी पडत असे, आणि पुढे माझ्या आईला, गुडघे दुखत असतानाही, कोणाचा हात न धरता तिच्यात चढता येई. मला ही गाडी फिरत्या घरासाठी योग्य वाटली ती याच एका कारणाने. मात्र हाच गुण घाटात कसा आड येतो, ते मला बऱ्याच उशिरा कळले.

शेडमधून बाहेर काढली तेव्हा वरून ती फारशी वाईट दिसत नव्हती. सोलापूरची हवा कोरडी, पाऊस बेताचा, त्यामुळे गंज बेताचाच असेल अशी माझी समजूत होती. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सरकत्या दाराच्या खालच्या कडेवर पेचकस टेकवला आणि हलका दाब दिला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तेव्हा त्याच्या टोकाला ओलसर, तपकिरी, नमद्यासारखा घट्ट झालेला गोळा होता. तो मी घरी आणून पाण्यात सोडवला तेव्हा त्यातून लाल, हिरवे आणि पांढरे सुताचे तंतू वेगळे झाले. दारांच्या आणि पायरीच्या पोकळ पट्ट्यांना तळाशी बोटाच्या पेराएवढी भोके असतात, ती आत गेलेले पाणी वाहून जावे म्हणून. बारा वर्षे चादरींच्या गठ्ठ्यांवरून झडलेली रुईची धूळ आणि तंतू त्या भोकांत साचले, त्यांनी पाणी धरून ठेवले, आणि पत्रा आतून कुजत गेला. आमच्या घराला ज्या धंद्याने पोसले, त्याच धंद्याचा कचरा या गाडीच्या हाडांत शिरून बसला होता. ते पाहून मला मनापासून वाईट वाटले होते.

पत्र्याच्या कामात मी एकच आग्रह धरला आणि तो आजही योग्य वाटतो. गंजावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायची नाही. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगच्या कामात गंजलेला भाग पॉलिश कागदाने घासून त्यावर जाड लांबी चढवण्याची आणि दोन हात रंग मारून गाडी चकचकीत करून देण्याची सवय आहे. पहिल्या एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीच्या डाव्या बाजूला हेच केले गेले, आणि एका पावसाळ्यात तिथे फुगवटे आले. ती बाजू पुन्हा उघडावी लागली. नंतर चाचांच्या ओळखीच्या एका पत्रेवाल्याने जिथपर्यंत चांगला, चमकणारा पत्रा लागतो तिथपर्यंत कुजका भाग कापून काढला, त्याच जाडीचा नवा पत्रा मापाने बेतला आणि टाके घातल्यासारखे थोडे इथे, थोडे तिथे असे वेल्डिंग केले. एका ओळीत सलग वेल्डिंग मारले तर पातळ पत्रा तापून वाकडा होतो आणि मग तो झाकण्यासाठी पुन्हा लांबीच लागते. सांध्यांवर जस्तयुक्त प्रायमर, त्यावर सीलर, आणि पोकळ पट्ट्यांच्या आत मेणासारखे गंजरोधक द्रव्य असे थर दिले. आत जुने इंजिन ऑइल फवारण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. तो मी मानला नाही, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले असतात आणि रबराच्या पट्ट्यांनाही ते खाते. या सगळ्याला सात महिने लागले आणि पैशाच्या हिशेबात ते इंजिनाच्या कामापेक्षा महाग पडले.

इंजिनाने तुलनेने कमी त्रास दिला. सहा वर्षे उभ्या राहिलेल्या डिझेल इंजिनाला एकदम चावी मारायची नसते. चाचांनी हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडले, ते दोन दिवस मुरू दिले आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहिले. पिस्टन अडकले नव्हते. टाकी उतरवून धुतली, डिझेलच्या सगळ्या नळ्या बदलल्या, डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले, हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवून घेतले. ते सुरू झाले तेव्हा चाचा बोनेटचे झाकण उघडे ठेवून बराच वेळ नुसते ऐकत उभे होते. मी काही विचारायला गेले तर म्हणाले, “ताई, इंजन बोलतंय, जरा ऐका की आधी.”

खरी दुरुस्ती थंडाव्याची होती. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि गाडी तापते म्हणून कधीकाळी कोणीतरी तिचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप, काढून टाकला होता. हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. वरवर पाहता तो शहाणपणाचा वाटतो. मात्र थर्मोस्टॅट नसला की थंडीच्या सकाळी इंजिन योग्य तापमानाला येतच नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, धूर वाढतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. गाडी तापण्याचे मूळ कारण रेडिएटरमध्ये होते. वर्षानुवर्षे त्यात आमच्या कारखान्यातील बोअरचे पाणी भरले गेले होते, आणि त्या जड पाण्यातील क्षार चहाच्या पातेल्याला बसतात तसे नळ्यांत बसले होते. रेडिएटर जुन्या पितळी-तांब्याच्या बनावटीचा असल्यामुळे तो उघडून, नळ्यांतून सळई घालून साफ करून, पुन्हा झाळून घेता आला. त्यानंतर त्यात डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांशिवाय काही गेलेले नाही. सुमारे ८० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट परत बसवला, आणि तेव्हापासून मे महिन्याच्या दुपारीही तापमानाचा काटा मध्यावर असतो.

आता घराविषयी लिहिते, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथे झाली. पहिल्या वेळी मी गाडीच्या आत खरोखरच घर बांधले. १८ मिलिमीटर प्लायवुडचे कपाट, दोन माणसांची पेटीवजा पलंगपट्टी, त्याखाली इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या, आणि सगळ्यांत मागे, दाराला लागून, १०० लिटरची पाण्याची टाकी, कारण तिथून भरायला सोपी. सुताराने काम इतके सुबक केले होते की बघायला येणारे थक्क होत. २००८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तुळजापूरला निघालो. पावसाची भुरभुर होती. घाटात पुढचा ट्रक थांबला म्हणून मलाही चढावर थांबावे लागले, आणि पुन्हा निघताना पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली. इंजिन गरजत होते, रबर जळल्याचा वास येत होता आणि गाडी इंचभरही पुढे जात नव्हती. मागे वाहनांची रांग लागली. शेवटी आम्ही टाकीचे सगळे पाणी रस्त्यावर सोडले, दोन माणसे पुढच्या सीटवर दाटीने बसवली आणि तेव्हा कुठे गाडीने चढ धरला.

जो विषय मी तीस वर्षे फळ्यावर शिकवत आले, तो मला त्या घाटात समोर दिसला. चढावर गाडीचे वजन मागच्या चाकांकडे सरकते. मागची चाके ढकलणारी असतील तर त्याचा फायदाच होतो, पण आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढते, आणि मी माझ्या हाताने सारे ओझे मागच्या आसाच्याही पलीकडे नेऊन ठेवले होते. तिथे ठेवलेले ओझे मागच्या आसावर तर पडतेच, शिवाय तरफेसारखे काम करून पुढचा आस वर उचलते.

दुसऱ्या आठवड्यात गाडी मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर नेली. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त पुढची चाके काट्यावर, एकदा फक्त मागची, असे तीनदा वजन केले. एकूण २,२९० किलो भरले आणि त्यांपैकी पुढच्या चाकांवर फक्त ९७० होते. जुनी गाडी फिरते घर म्हणून तयार करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की सुताराला बोलावण्याच्या आधी काट्यावर जा, आणि काम चालू असताना दर टप्प्याला पुन्हा जा. त्याला फार तर शंभर-दोनशे रुपये लागतात. १८ मिलिमीटर प्लायवुडची एक आठ बाय चारची शीट तीस किलोंच्या पुढे भरते, इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नासच्या पुढे, आणि पाण्याचा तर हिशेबच सरळ आहे, लिटरला किलो. घरात या वजनांचा कोणी विचार करत नाही, कारण घराला घाट चढायचा नसतो.

सुताराचे ते सुबक काम मी उतरवले. मन घट्ट करावे लागले, पण दुसरा मार्ग नव्हता. आता आत हलक्या ॲल्युमिनियम नळ्यांची चौकट आणि ६ मिलिमीटरचे पातळ प्लाय आहे. पाण्याची टाकी ४० लिटरची केली आणि ती चालकाच्या सीटच्या लगेच मागे, तळाला टेकवून बसवली. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या काही वर्षे तिथेच पुढे सरकवून चालवल्या, आणि २०१९ मध्ये त्यांच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची एकच बॅटरी घेतली, जिचे वजन बारा किलोंच्या आसपास आहे. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली की तिचे आयुष्य घटते, या बॅटरीला तसे बंधन नाही, त्यामुळे तेवढाच उपयोग कितीतरी कमी वजनात होतो. गेल्या वर्षीच्या काट्यावर एकूण २,०६० किलो आणि त्यांपैकी पुढे १,०७० भरले. तुळजापूरचा घाट ती आता पावसातही न अडखळता चढते. घराची सोय आणि गाडीचे आरोग्य यांचे जिथे जमत नाही तिथे मी तेव्हापासून गाडीचे ऐकते.

उष्णतेचा बंदोबस्त मात्र घरासाठीच करावा लागला. टप पांढऱ्या रंगाने रंगवला आणि आतून पाणी न शोषणाऱ्या, बंद पेशींच्या फोमचे पत्रे चिकटवले. काचतंतूंची लोकर स्वस्त पडते, पण ती दमट झाली की पाणी धरून ठेवते, आणि ओलावा धरणाऱ्या वस्तूने या गाडीचे काय केले ते मी पाहिले होते. पडदे आणि गाद्यांच्या खोळी सोलापुरी चादरींच्याच आहेत. त्यांतल्या दोन आमच्याच मागावरच्या, मोराच्या नक्षीच्या, आईने ट्रंकेत जपून ठेवलेल्या. जाड सुती चादर उन्हाचा झोत अडवते, घाम शोषते आणि कितीही धुतली तरी विटत नाही. कृत्रिम कापड लावून पाहिले होते, ते एका उन्हाळ्यात करकरीत झाले.

स्वयंपाकाला ५ किलोचा लहान सिलिंडर आहे. त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक ठेवले आहे, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. खिडकी उघडी आहे म्हणून गॅस निघून जाईल, ही समजूत चुकीची आहे. झोपण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केल्याशिवाय आमच्या गाडीत दिवा मालवला जात नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांच्या यादीत आहे, आणि त्या आधारे मी मालवाहू नोंदणीतून गाडी बदलून घेतली. थकलेला कर भरला, खिडक्या मिनीबसच्याच मापाच्या बसवून त्यांची नोंद करून घेतली आणि नऊ महिन्यांनी नवे पुस्तक हातात आले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ बनावटीत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले आहे. म्हणून आज हे काम हाती घेणाऱ्याने चेसिस आणि बॉडीचा सांगाडा यांना हात न लावता आतील सामान बोल्टने, काढता-घालता येईल असे बसवावे आणि आधी लेखी परवानगी घ्यावी. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. चारचाकीसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते, शिवाय पर्यावरण कर वेगळा. धुराच्या तपासणीत या जुन्या डिझेल गाड्यांना ६५ एचएसयूची (एचएसयू हे धुराचा दाटपणा मोजण्याचे एकक) मर्यादा आहे. माझी गाडी त्याच्या बरीच आत असते, आणि त्याचे श्रेय मी नोझल वेळेवर तपासण्याला व त्या परत बसवलेल्या थर्मोस्टॅटला देते.

पन्नास वर्षे झाल्यावर व्हिंटेज म्हणून नोंदणी करा, असे अनेक जण सुचवतात. २०२१ च्या नियमांनुसार तशी नोंदणी मूळ स्वरूपातल्या गाडीलाच मिळते, आणि ती मिळाल्यावर गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मला ती नोंदणी नको आहे. ही गाडी नळदुर्गच्या किल्ल्याखाली आणि नान्नजच्या माळावर पहाटेचा चहा करण्यासाठी आहे.

कारण जुनी गाडी धावून जितकी झिजत नाही तितकी उभी राहून खराब होते, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. उभ्या गाडीत ब्रेकच्या सिलिंडरांत पाणी जमते, कारण ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. टायर एका जागी चपटतात, सीलांची रबरे सुकतात, टाकीत दव साचते. म्हणून दर पंधरा दिवसांनी ती किमान तीस-चाळीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवायची. घरासमोर उभी करून दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवण्याने भले होण्याऐवजी नुकसानच होते, कारण त्या दहा मिनिटांत सायलेन्सरमध्ये पाणी तयार होते आणि ते वाळण्याइतकी उष्णता मिळत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलते. टायरवरच्या चार आकडी शिक्क्यात तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला ते लिहिलेले असते. नक्षी कितीही चांगली असली तरी सात वर्षांनंतर मी टायर ठेवत नाही. डिझेल पंपाचे सील २०२१ मध्ये पाझरू लागले तेव्हा ते व्हायटन या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे घालून घेतले. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांवरचे रबरी बूट (आवरणे) मात्र मी दर महिन्याला स्वतः खाली झोपून बघते. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, धूळ आत जाते आणि सांधा काही महिन्यांत संपतो. या गाडीत तो सांधा मिळवणे हेच सर्वांत कठीण काम आहे.

सुट्या भागांसाठी मी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पुष्कळ पायपीट केली आहे, आणि रस्त्याच्या कडेला मोडीत निघालेली मॅटॅडोर दिसली की आजही गाडी थांबवते. अशाच एका गाडीचे दोन्ही शाफ्ट, दारांच्या कड्या आणि एक न तडकलेली काच शेडमध्ये जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेली आहे. चाचा आता काम करत नाहीत. त्यांचा नातू येतो, माझ्या वहीतले जुने आकडे बघतो आणि मगच पान्याला हात लावतो. वहीत २००५ पासूनची प्रत्येक दुरुस्ती, तारीख, किलोमीटर आणि काट्यावरची वजने आहेत.

मृगाच्या आधी एक काम कोणावरही सोपवत नाही. सायकलच्या चाकाची जुनी आरी घेऊन दारांच्या आणि पायरीच्या तळाची सगळी भोके एकेक करून मोकळी करायची, मग वरून तांब्याभर पाणी सोडायचे आणि ते खालून सरळ पडते का ते पाहायचे. गेल्या वर्षी डाव्या पायरीच्या तिसऱ्या भोकातून पाणी थेंबाथेंबाने येत होते. आरी आत घालून हळूच फिरवली आणि ओढली, तर तिच्या टोकाला बोटभर लांबीचा लाल सुताचा धागा गुंडाळून आला. तो धागा मी वहीच्या त्या पानाला चिकटवून ठेवला आणि पुढच्या भोकाकडे सरकले.